पोलिश शाळेतील काव्यवाचन स्पर्धा आणि मराठी घरातील तयारी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची मुलगी वॉर्सामधील पोलिश शाळेत सातवीत शिकते आणि शाळेने तिची दोन सादरीकरणांसाठी निवड केली आहे. पहिले तिने एकटीने करायचे आहे : एक कविता आणि एक गद्य उतारा, दोन्ही पाठ करून. दुसरे दोन मैत्रिणींबरोबर करायचे आहे : अलेक्सांदर फ्रेद्रो यांच्या ‘झेम्स्ता’ या विनोदी नाटकातील एका प्रवेशाचे, हातात संहिता घेऊन केलेले नाट्यवाचन. स्पर्धेला सहा आठवडे आहेत. घरात पोलिश भाषा तिच्याशिवाय कोणालाच येत नाही. तुम्ही स्वतः शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा जिंकलेल्या आहेत, म्हणून तुम्ही विचारता की तिला हातवारे आणि आवाजाचे चढउतार बसवून द्यावेत का, आणि मराठी वळणाच्या उच्चारांमुळे तिचे गुण जातील का.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टच देते : हातवारे बसवू नका. आपल्याकडच्या वक्तृत्वात जो आवेश गुण मिळवून देतो, तोच इथल्या परीक्षकांना खटकतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही. पुण्यात काही वर्षे अभिवाचनाचे कार्यक्रम करून मी पोलंडमध्ये आले आणि गेली २२ वर्षे एका सांस्कृतिक केंद्रात शाळकरी मुलांकडून वाचनाची तयारी करून घेते आहे. पहिल्या वर्षी माझ्या विद्यार्थिनीला मी प्रत्येक कडव्याला एक हालचाल बसवून दिली होती. स्पर्धेनंतरच्या चर्चेत एक वयस्क परीक्षक मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले की मुलीचा आवाज सुरेख आहे, ती आमच्याकडे पाहतही होती, पण ती आम्हाला काही सांगत नव्हती. त्या वाक्याचा मला तेव्हा राग आला होता. आज माझ्या शिकवण्याचा बहुतेक भाग त्या एका ‘सांगणे’ या क्रियापदाभोवती फिरतो, आणि तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तरही तिथूनच सुरू होते.

या अपेक्षेला पोलंडमध्ये मोठी परंपरा आहे. देशव्यापी काव्यवाचन स्पर्धा इथे १९५० च्या दशकापासून भरते आणि तिच्यात शुद्ध वाचन, शब्दातून फुललेले सादरीकरण, गायलेली कविता आणि एकपात्री नाट्य अशा चार वेगवेगळ्या शाखा आहेत. ज्याला संगीत, हालचाल किंवा वस्तू वापरायची असेल त्याच्यासाठी वेगळे दालन आहे, म्हणूनच शुद्ध वाचनाच्या दालनात फक्त माणूस आणि शब्द उरावेत असा आग्रह धरला जातो. ती स्पर्धा उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आणि प्रौढांसाठी आहे, तुमच्या मुलीचे वय तिथे बसत नाही. तिच्या वयासाठी शाळा, पालिका आणि सांस्कृतिक केंद्रे आपापल्या स्पर्धा घेतात. परंतु अभिरुची वरून खाली झिरपते आणि लहानांच्या स्पर्धेतही परीक्षक साधारणपणे चारच गोष्टी पाहतात : उताऱ्याची निवड, त्याचा लावलेला अर्थ, भाषेचे संस्कारित उच्चारण आणि एकूण ठसा. हातवाऱ्यांना वेगळा रकाना नसतो.

या परंपरेचे टोकाचे उदाहरण क्राकुव शहरातील आहे. जर्मन ताब्याच्या काळात, १९४१ साली, म्येचिस्वाव कोत्लार्चिक यांनी तिथे छुपी नाट्यमंडळी सुरू केली. नेपथ्य आणि वेशभूषा जवळजवळ नव्हतीच, खासगी घरांच्या दिवाणखान्यांत मूठभर निमंत्रितांसमोर केवळ शब्दांचे नाट्य चाले. पुढे पोप झालेले कारोल वोय्तीवा हे त्या मंडळीतील एक तरुण वाचक होते. ‘पान तादेउष’ या महाकाव्याच्या प्रयोगात बाहेरच्या रस्त्यावर जर्मन ध्वनिक्षेपक सैन्याच्या विजयाची घोषणा करू लागला, तेव्हा वोय्तीवा थांबले नाहीत आणि त्यांनी आवाजही चढवला नाही, असे त्या प्रसंगाबद्दल सांगितले जाते. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. सभागृहात मागच्या रांगेत कोणी खुर्ची सरकवली की मुले हटकून ओरडू लागतात, आणि ओरडणाऱ्या वाचकाकडे श्रोता पाहतो खरा, पण ऐकायचे थांबवतो.

आता निवडीकडे वळते, कारण निम्मी स्पर्धा तिथेच जिंकली किंवा हरली जाते. शिक्षक बऱ्याचदा घाईत एखादी प्रसिद्ध कविता हातात देतात. झ्बिग्न्येव्ह हेर्बेर्त यांची ‘पान कोगितोचा संदेश’ ही कविता थोर आहे, पण ती पराभव पाहिलेल्या प्रौढ माणसाच्या तोंडची आहे. तेरा वर्षांच्या मुलीने ती गंभीर चेहऱ्याने आज्ञार्थी क्रियापदे ठोकत म्हटली की परीक्षकांना आईच्या चपला घालून चालणारे मूल दिसते. विस्वावा शिंबोर्स्का यांची ‘रिकाम्या घरातील मांजर’ ही दुसरी नेहमीची कविता. मालक मेला आहे, घरात मांजर उरले आहे आणि त्याला मृत्यू हा शब्द ठाऊक नाही. त्याला एवढेच कळते की कोणीतरी यायचे ते आलेले नाही, आणि म्हणून ते रुसले आहे. मुली ही कविता हुंदके देत म्हणतात, काही तर मधेच म्याव करतात. वास्तविक त्या कवितेत मांजर चिडलेले आहे, दुःख श्रोत्याला होते. चिडणे प्रामाणिकपणे वाचता आले तरच ती घ्यावी, आणि दिवसभरात परीक्षकांनी ती किती वेळा ऐकलेली असेल याचाही हिशेब करावा.

तुमच्या मुलीसाठी मी यान कोखानोव्स्की यांच्या ‘त्रेनी’मधील आठवी कविता सुचवेन. ‘त्रेनी’ हा १५८० साली छापलेला १९ विलापिकांचा संग्रह असून कवीची लहानगी मुलगी उर्शुला वारल्यानंतर तो लिहिला गेला. या संग्रहातील कविता शाळेच्या अभ्यासक्रमात असतात, त्यामुळे ती तिला परकी नसेल. विलापिका म्हटली की रडणे आले असे तुम्हाला वाटेल, म्हणून ती थोडी जवळून पाहू.

पहिल्या दोन ओळी अशा : ‘व्येल्क्येश मि उचिन्यिवा पुस्त्कि व दोमु मोइम, मोया द्रोगा ओर्षुलो, तिम झ्निक्न्येन्यिम स्फोइम.’ अर्थ असा की माझ्या लाडक्या उर्शुला, या तुझ्या नाहीसे होण्याने माझ्या घरात तू केवढे रितेपण करून ठेवलेस. तिसऱ्या ओळीत बाप म्हणतो, आम्ही पुष्कळ जण आहोत, तरी जणू कोणीच नाही. यानंतर तो आठवू लागतो की तूच सगळ्यांच्या वाटचे बोलायचीस, सगळ्यांच्या वाटचे गायचीस आणि घरातले सगळे कोपरे धावून पालथे घालायचीस. इथे कोपऱ्यांसाठी त्याने वापरलेला शब्द ‘कोंचिकि’ हा लाडिक, लहानपणदर्शक आहे. मुलीच्या पावलांच्या मापाचे ते कोपरे आहेत. कवितेच्या शेवटाकडे कोपरा पुन्हा येतो, पण तेव्हा तो साधा ‘कोंत’ असतो, आणि त्या प्रत्येक कोपऱ्यातून दुःख माणसाला धरते. ‘पुस्त्कि’, म्हणजे रितेपण, हा पहिल्या ओळीतला शब्दही मधे एकदा परत येतो, जेव्हा सगळे शांत झालेले असते.

वाचणाऱ्याने हे दोन कोपरे वेगळे ऐकू येतील एवढे केले तरी पुरे. त्यासाठी दुसऱ्या कोपऱ्यावर आवाज कापवण्याची गरज नाही. पहिल्या कोपऱ्यावर तिला खरोखर आनंद झाला पाहिजे. मुलगी धावते आहे, ती अजून घरात आहे, असे त्या तीन-चार ओळींपुरते वाचणारीला वाटले पाहिजे. जी मुले पहिल्या अक्षरापासून सुतकी आवाज लावतात, त्यांना शेवटी जायला जागाच उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारते, हे तू कोणाला सांगतेस? बहुतेक जण म्हणतात, प्रेक्षकांना. कवितेत तर ते सरळ उर्शुलाला सांगितले आहे! तेव्हा मुलीने सभागृहात, परीक्षकांच्या डोक्यांच्या थोडे वर, एक जागा निश्चित करावी आणि तिथे ती लहान मुलगी आहे असे धरून बोलावे. नजरेला घर मिळाले की हात आपोआप शांत होतात.

वृत्ताच्या बाबतीत तुम्ही, पोलिश येत नसतानाही, तिला शाळेतील शिक्षकांपेक्षा चांगले शिकवू शकाल. या ओळी तेरा अक्षरांच्या आहेत आणि सातव्या अक्षरानंतर त्यांत ठरलेला विराम येतो. पोलिशमध्ये त्याला ‘श्रेद्न्यूफ्का’ म्हणतात आणि आपल्या छंदशास्त्रात यती. ‘पान तादेउष’, जे आदाम मित्स्क्येविच यांनी १८३४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले, तेही सर्व याच सात अधिक सहाच्या मापात आहे. युरोपातल्या पुष्कळ भाषांची कविता आघात मोजते, पण हे वृत्त अक्षरे मोजते, आणि अभंग ऐकत वाढलेल्या कानाला ही मोजणी नवी नाही. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे सहा-सहा-सहा-चार तिला टाळी न वाजवता, नुसते बोलून दाखवा. यतीवर आपण थांबत नाही, तरी यती कळते. श्वास न घेता आवाज किंचित टेकतो आणि पुढे जातो. कोखानोव्स्कींच्या सातव्या अक्षरावर तिला नेमके हेच करायचे आहे. पोलिश मुले तिथे धक्का देऊन थांबतात आणि कविता झोपाळ्यासारखी हेलकावू लागते. दुसऱ्या टोकाची मुले माप पूर्ण विसरून गद्यासारखे वाचतात. ओळ संपते पण वाक्य संपत नाही अशा जागी आवाज वरच ठेवून पुढच्या ओळीत न्यायचा, हेही अभंगाच्या चौथ्या चरणावरून समजावता येईल.

गद्यासाठी माझी पसंती बोलेस्वाव प्रूस यांच्या ‘कामिझेल्का’, म्हणजे ‘बंडी’, या १८८२ सालच्या कथेला आहे. श्वावोमिर म्रोझेक यांची ‘हत्ती’ ही कथाही सुरेख आहे. प्राणिसंग्रहालयाचा संचालक काटकसर म्हणून रबराचा हत्ती फुगवून ठेवतो आणि शाळेची सहल आलेली असताना तो वाऱ्याने उडून जातो, अशी ती गंमत. पण तिच्यातला सरकारी भाषेचा उपहास कोरड्या चेहऱ्याने पेलणे सातवीच्या मुलीला अवघड जाते, आणि ‘झेम्स्ता’मध्ये विनोद आहेच. ब्रूनो शुल्त्स यांच्या लांब वाक्यांच्या वाटेला मात्र या वयात जाऊ नये.

‘बंडी’ची गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे माझे पुढचे म्हणणे कळेल. एक गरीब कारकून क्षयाने खंगतो आहे. बंडी अंगावर दिवसेंदिवस सैल होत चालली आहे हे बायकोला कळू नये म्हणून तो मागच्या पट्ट्याचे बक्कल रोज थोडे पुढे सरकवतो. एके दिवशी तो आनंदाने बायकोजवळ कबुली देतो की मी तुला फसवत होतो, पण आता फसवायची गरज उरली नाही, कारण बंडी घट्ट होऊ लागली आहे, म्हणजे मी बरा होतो आहे. पुढे तीच बंडी जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडून निवेदकाच्या हाती येते तेव्हा त्याला दिसते की पट्ट्याचे एक टोक बक्कल सरकवून झिजले आहे, आणि दुसरे टोक बायकोने गुपचूप कापून आखूड करत नेले होते.

स्पर्धेसाठी मधला कबुलीचा भाग आणि शेवटचा पट्ट्याचा भाग जोडून घ्यावा. वाक्ये गाळली तर चालतात. लेखकाचा शब्द मात्र बदलू नये, आणि नियमावलीतली वेळेची मर्यादा आधी पाहून घ्यावी. पुढची गोष्ट मी प्रत्येक वर्षी नव्याने समजावते. नवरा आनंदाने बोलतो आहे. वाचणारीला बायकोचे गुपित ठाऊक आहे, नवऱ्याला नाही. म्हणून ते संभाषण वाचताना तिच्या आवाजात करुणेचा थेंबसुद्धा येता कामा नये. नवऱ्याला पहिल्यांदाच जगण्याची आशा वाटते आहे आणि ती आशा खरी वाटली पाहिजे. त्यानंतर पट्ट्याचे वर्णन मोजमाप घेणाऱ्या शिंप्याच्या कोरडेपणाने, सावकाश यावे. इथे तुमच्या मुलीला एक साधा सराव द्या : घरातली कुठलीही पट्ट्याची वस्तू हातात घेऊन तिने ते वर्णन तुम्हाला दाखवत दाखवत पोलिशमध्ये सांगावे, हे टोक, ते टोक, इथे भोके, तिथे कापलेले. आठवड्याने वस्तू काढून घ्यावी. स्पर्धेत हात रिकामे असतील, पण बोटांना ती जागा आठवत राहील आणि आवाज तिच्यामागे जाईल.

तुमची भूमिका खरी इथेच आहे. तुम्हाला भाषा येत नाही, म्हणून तुम्ही अर्थ आधीच माहीत असल्याच्या आळसाने ऐकणार नाही. पहिले दोन आठवडे पाठांतर थांबवा आणि रोज संध्याकाळी तिला तो उतारा स्वतःच्या मराठीत सांगायला लावा. भाषांतर म्हणून नको, शेजारच्या घरात घडलेली हकिगत म्हणून सांगू दे. जिथे ती अडखळेल किंवा ‘म्हणजे असं काहीतरी’ म्हणेल, तिथे तिला मूळ पोलिश वाक्य समजलेले नाही. ते शिक्षकांना विचारून यावे. तिसऱ्या आठवड्यापासून ती पोलिशमध्ये म्हणेल आणि तुम्ही तिच्याकडे पाठ फिरवून ऐकत बसाल. तुमचे लक्ष कुठे उडाले एवढेच कागदावर रेघ मारून ठेवा. अशा रेघा फार थोड्या वेळा चुकतात. बहुधा त्या ठिकाणी ती अर्थ सोडून चाल म्हणू लागलेली असते.

उच्चारांबद्दल तुमची भीती अर्धी खरी आहे. मराठी मुलाला पोलिशमध्ये काही गोष्टी फुकट मिळतात. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च आपण वेगळे उच्चारतो, पहिला पोलिशमध्ये जसाच्या तसा आहे आणि दुसरा त्यांच्या मऊ च-च्या बराच जवळ जातो. पोलिशमध्ये मात्र तिसराही च आहे, जीभ मागे वळवून केलेला, आणि आपली मुले तोच गमावतात. तसेच श आणि ष यांचे. आपण ष लिहितो आणि श म्हणतो. लहानपणी ‘षटकोन’ म्हणताना जीभ वळवायला सांगणाऱ्या बाईंना आपण हसलो असू, पण त्यांचा ष पोलिशमध्ये रोज लागतो, आणि ‘व्येल्क्येश’मधला श आणि ‘ओर्षुलो’मधला ष एक झाले तर पोलिश कानाला ते लगेच जाणवते. हा सराव तुम्ही घरी, मराठी शब्दांवर, घेऊ शकता. आघात ही दुसरी अडचण. मराठीत शब्दातली अक्षरे जवळपास सारख्या जोराने येतात. पोलिशमध्ये जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि ‘मातेमातिका’सारख्या परक्या शब्दांत किंवा प्रथमपुरुषी अनेकवचनी भूतकाळात शेवटून तिसऱ्यावर जातो. हे अपवाद पोलिश मुलेही चुकतात, आणि ते बरोबर म्हणणारी परदेशी नावाची मुलगी परीक्षकांच्या लक्षात राहते. शब्दाच्या शेवटचा नासिक्य ‘ए’ मात्र अनुस्वारासारखा घुमवू नका. तिथे नासिक्य जवळपास विरते, आणि अतिशुद्ध उच्चार इथे अशुद्धाइतकाच कानाला टोचतो. एवढे करूनही थोडे मराठी वळण राहील. ते राहू द्या. मी अनेकदा परीक्षक म्हणून बसले आहे आणि स्पष्ट बोललेल्या परक्या वळणाने माझ्यासमोर कोणाचे बक्षीस गेलेले नाही. घाईत गिळलेल्या शब्दान्तांनी मात्र गेले आहे, तेही पोलिश मुलांचे.

‘झेम्स्ता’चे काम वेगळे आहे, कारण तिथे ती एकटी नाही आणि संहिता हातात आहे. हे नाटक १८३४ साली प्रथम रंगमंचावर आले. एकाच गढीचे दोन मालक, तापट चेश्न्यिक आणि गोड बोलून डाव साधणारा रेयेंत, यांच्या भांडणाची ही गोष्ट आठ अक्षरांच्या उड्या मारणाऱ्या ओळींत लिहिलेली आहे. तुमच्या शाळेने निवडलेला पत्राचा प्रवेश चौथ्या अंकातला आहे : चेश्न्यिक आपल्या म्हाताऱ्या सेवकाला, दिंदाल्स्कीला, एका मुलीच्या नावाने खोटे प्रेमपत्र लिहायला सांगतो. चेश्न्यिकला बोलताना दर वाक्याला ‘मोच्युम पान्ये’ म्हणायची खोड आहे, आपल्याकडे एखादे गृहस्थ ‘काय सांगत होतो’ म्हणतात तसे. दिंदाल्स्की प्रामाणिकपणे ती खोडसुद्धा पत्रात उतरवतो, आणि पत्र वाचून दाखवतो तेव्हा नाजूक प्रेमपत्रातून म्हाताऱ्या सरदाराचे पालुपद बाहेर पडते.

या प्रवेशात मुले ‘मोच्युम पान्ये’वरच जोर देतात, कारण हशा तिथे आहे हे त्यांना माहीत असते. त्यामुळे हशा येत नाही. खोड ही बोलणाऱ्याच्या लक्षात न येणारी गोष्ट असते. चेश्न्यिकने ती गिळत, घाईत म्हणावी आणि दिंदाल्स्कीने मात्र ती अक्षर अक्षर लावून, आदराने वाचावी. म्हणजे हसू दिंदाल्स्कीच्या वाट्याला येते. माझा सल्ला असा की तुमच्या मुलीने दिंदाल्स्की घ्यावा. तो सावकाश बोलतो, लिहिता लिहिता बोलतो, त्यामुळे सावध उच्चार हे तिथे पात्राचेच लक्षण ठरते. तिसऱ्या मुलीला रंगसूचना वाचायला द्याव्यात आणि त्या निरस न वाचता, हा घोळ दाराआडून पाहणाऱ्या माणसासारख्या वाचाव्यात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. संहिता मोठ्या टंकात, जाड कागदावर, एका बाजूलाच छापलेली असावी आणि पान वाक्याच्या मधे उलटावे लागू नये. कागद छातीच्या उंचीवर धरावा. त्याहून वर गेला तर तोंड झाकले जाते, खाली गेला तर हनुवटी गळ्याला टेकून आवाज दबतो. वाक्याची सुरुवात कागदावरून उचलावी आणि शेवट समोर पाहून करावा, उलट नव्हे. दोन मैत्रिणींनी एकमेकींकडे वळून बोलू नये. दोघींनी समोरच्या एकाच बिंदूवर दुसरी उभी आहे असे धरावे, म्हणजे दोघींचे चेहरे सभागृहाला दिसतात आणि संवादही तुटत नाही. आपल्याकडच्या चांगल्या अभिवाचनातही हीच पद्धत आहे, तुम्ही ती पाहिली असेल.

एक विषयांतर करते. या वयाच्या मुली कधी ना कधी विचारतात की हे साहित्य माझे नाही, मग मीच का वाचायचे. तुमचे माहेर कोल्हापूरकडचे आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तिला वळिवडे दाखवता येईल. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, राहत होते. त्यांच्या स्वतःच्या पोलिश शाळा तिथे होत्या. पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश धडे गिरवले गेले आहेत, एवढे तिला कळले तरी तिचा प्रश्न थोडा हलका होईल.

शेवटच्या आठवड्यात नवे काही शिकवू नका. पाठांतर पक्के आहे का हे पाहण्यासाठी तिला पोळ्या लाटताना किंवा जिना चढताना कविता म्हणायला लावा. शरीर दुसऱ्या कामात असताना जी ओळ निसटते तीच मंचावर निसटणार असते. मंचावर ओळ विसरलीच तर तिने माफी मागू नये, खाली पाहू नये. त्याच बिंदूकडे पाहत थांबावे. दोन क्षण तिला फार लांब वाटतील, श्रोत्यांना ते विचारासाठी घेतलेले वाटतात. सुरुवात करण्याआधी लेखकाचे नाव आणि शीर्षक सांगून एक पूर्ण श्वास घ्यावा, आणि शेवटचा शब्द झाल्यावर ताबडतोब वाकून नमस्कार करू नये. शाळेचा नीटनेटका पोशाख पुरे. उर्शुलासाठी काळे कपडे नकोत आणि दिंदाल्स्कीसाठी चिकटवलेल्या मिशा तर नकोतच.

निकालानंतर बऱ्याच ठिकाणी परीक्षक स्पर्धकांशी बोलायला बसतात. पालक त्या वेळी कोट घालून निघण्याच्या घाईत असतात. तुम्ही थांबा, मुलीला आत पाठवा आणि तिच्याजवळ एकच प्रश्न लिहून द्या : दोन्ही कोपरे वेगळे ऐकू आले का?